चिठ्ठ्या कमी झाल्या, म्हणजे सुधारल्या का?

फॅमिली डॉक्टर तज्ज्ञाकडे पाठवताना जी चिठ्ठी देतात, तिचा दर्जा कसा सुधारायचा? यावरचा २००८ चा कॉक्रेन आढावा जरूर वाचा. त्यात १७ अभ्यास तपासलेत. मार्गदर्शक सूचना नुसत्या वाटून भागत नाही. ठरावीक रकान्यांचा फॉर्म आणि तज्ज्ञांच्या सहभागातलं प्रशिक्षण उपयोगी पडतं, हा निष्कर्ष पटतो.

खटकतं ते मोजमाप. भर आहे तो किती रुग्ण पाठवले यावर. पण संख्या घटली म्हणजे विनाकारण पाठवणं थांबलं, की कॅन्सरचा एखादा रुग्ण मागेच राहिला? नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. तुमच्या प्रस्तावात ‘गुणवत्ता’ हा शब्द आला, की आधी ठरवा: नक्की काय मोजणार, आणि त्यातून रुग्णाचं काय झालं ते दिसणार का?