भिंतीवरील व्यंगचित्र आणि चित्राखालची ओळ

राजकीय व्यंगचित्र हा मुळातच अल्पायुषी आविष्कारप्रकार होय, अशी एक रूढ समजूत आहे. प्रसंग ओसरला की चित्रही निस्तेज होते. मग ते इतिहासाचे साधन म्हणून उरते किंवा शोभेची वस्तू म्हणून. जुन्या डच राजकीय व्यंगचित्रांच्या वाट्याला आज यांपैकी दुसरी गती येताना दिसते. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ मध्ये आपल्या संग्रहातील प्रतिमा संगणकाद्वारे विनामूल्य खुल्या केल्या. तेव्हापासून सतराव्या-अठराव्या शतकांतील उपहासात्मक मुद्राचित्रे हव्या त्या आकारात छापून दिवाणखान्यात लावणे कोणालाही शक्य झाले आहे. अशा रीतीने भिंतीवर पोहोचलेल्या चित्राच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न अभिरुचीपेक्षा अर्थनिर्णयनाचा अधिक आहे.

या संदर्भात वॉल्टर बेन्यामिनच्या १९३६ च्या प्रसिद्ध निबंधाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीभोवतीचे वलय लोपते, हे त्याचे प्रतिपादन. व्यंगचित्राच्या बाबतीत मात्र उलटा प्रवास घडतो. ते जन्मतःच अनेक प्रतींचे असते. ज्याला 'मूळ' म्हणून पूजावे असे त्यात काही नसते. चौकट आणि काच त्याला कधीही नसलेले वलय प्रथमच बहाल करतात. येथवर आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावरून 'भिंतीने व्यंगचित्र मारले' असा निष्कर्ष काढणे डच परंपरेपुरते तरी उथळ ठरेल. व्हर्मेरच्या चित्रांतील भिंतींवर नकाशे टांगलेले दिसतात ते उगीच नव्हे. छापील कागद भिंतीवर लावण्याची रीत त्या समाजात नागर घरांइतकी जुनी आहे. तेव्हा दोष भिंतीचा नाही. भिंतीवर जाताना चित्रातून काय गाळले जाते, ते पाहायला हवे.

१७२० च्या सट्टेबाजीवरील चित्रांचे उदाहरण घेता येईल. जॉन लॉच्या मिसिसिपी कंपनीचा फुगा फुटला, त्याची झळ हॉलंडमधील शहरांनाही लागली, आणि त्या वर्षीच्या उपहासचित्रांचा 'मूर्खपणाचा थोर देखावा' या अर्थाच्या शीर्षकाचा एक जाडजूड संग्रह निघाला. हातात माल नसताना केलेल्या व्यवहाराला डच भाषेत 'वाऱ्याचा व्यापार' म्हणत. संग्रहातील कित्येक चित्रे म्हणजे या एका शब्दाचा विस्तार होत. आम्स्टरडॅमला स्थायिक झालेल्या बेर्नार पिकारच्या चित्रात दैवदेवतेचा रथ आहे, सारथ्य मूर्खपणाकडे आहे, रथ ओढणाऱ्या आकृती म्हणजे निरनिराळ्या कंपन्या. आणि गर्दीची वाट जाते ती रुग्णालय, वेड्यांचे इस्पितळ व अनाथ-दरिद्री यांचे आश्रयगृह अशा तीन दारांकडे. चित्र गजबजलेले आहे, आणि भिंतीवर ते शोभते ते या गजबजीमुळेच. पण त्याची रचना पाहण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी झालेली आहे. खालचा स्पष्टीकरणाचा मजकूर हा चित्राचा परिशिष्टभाग नसून त्याचे व्याकरण होय. हा मजकूर छाटला की उरते ती एक जत्रा.

रोमेइन द होखेच्या चौदाव्या लुईविरोधी चित्रांनाही हेच लागू पडते. (छाटण्याचे पाप मात्र आजच्या विक्रेत्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही; जुन्या संग्राहकांनीही कडा कापूनच अशी चित्रे आपल्या चोपड्यांत डकवली.) प्रतिमेच्या अनेकार्थतेला शब्द नांगर घालतात, असे रोलाँ बार्तने १९६४ मध्ये जाहिरातींच्या संदर्भात म्हटले होते. व्यंगचित्रात हा नांगर काढून घेणे म्हणजे त्याची दिशाच काढून घेणे.

तथापि, ओळ शाबूत राहिली म्हणजे अर्थ शाबूत राहिला, असेही नाही. आल्बर्ट हानचे १९०३ चे रेल्वे-संपावरील चित्र येथे कसोटीचे ठरते. थबकलेली रेल्वे, तिच्यावर आभाळाएवढा कामगार, आणि त्याच्या बाहुबलापुढे सारी यंत्रचक्रे थांबतात या आशयाची ओळ. ही ओळही हानची स्वतःची नव्हे, जर्मन कवी गेओर्ग हेरवेगच्या १८६३ च्या कामगारगीतावरून ती आलेली आहे. येथे शब्द चित्रापासून सहसा तोडले जात नाहीत, कारण या चित्राची कीर्ती त्या शब्दांवरच उभी आहे. तरीही भिंतीवरचे हे चित्र अपुरेच बोलते. जानेवारी १९०३ चा संप यशस्वी झाला होता. पंतप्रधान आब्राहाम कायपर यांच्या सरकारने लगेच रेल्वे-कामगारांच्या संपाला बंदी करणारी विधेयके आणली. विरोधकांनी त्यांना 'गळफास कायदे' म्हटले. एप्रिलमधला त्यांविरुद्धचा सार्वत्रिक संप कोसळला आणि मोठ्या संख्येने कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. जानेवारीची ओळ एप्रिलने खोटी पाडली. त्यानंतर ते चित्र पाहणाऱ्या डच कामगाराला त्यात विजयाबरोबर पराभवही वाचावा लागत असणार. आजच्या चौकटीत मात्र केवळ विजय उरतो, आणि तोही कोणाचा, कशावरचा हे कळेनासा. बार्तचा नांगर ज्या तळाला रुततो तो तळ काळाचा असतो; सिद्धान्ताने याची पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही.

बाजारपेठेला यासाठी सर्वस्वी जबाबदार धरण्यापूर्वी आणखी एक पुरावा तपासावा लागतो. हानने कायपर यांना वर्षानुवर्षे छळले. १९०४ च्या 'महाप्रतापी आब्राहाम' या चित्रात त्यांचा चेहरा कागद व्यापून अंगावर येतो, आणि तो चेहरा पुढे कायपर यांच्या छायाचित्रांपेक्षाही लोकांच्या ध्यानात राहिला. या चेहऱ्याला कायपर यांचे उत्तर खटल्याचे वा बंदीचे नव्हते. १९०९ मध्ये त्यांच्यावरील निवडक शंभर व्यंगचित्रांचा संग्रह आम्स्टरडॅमला प्रसिद्ध झाला, आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती स्वतः कायपर यांनी. तेव्हा ते सत्तेवरून उतरून चार वर्षे झाली होती, चित्रांतील भांडणे अजून जिवंत होती, आणि ज्याच्यावर बाण सोडले त्यानेच ते वेचून भात्यात नीट रचून ठेवले होते.