उलट दिशेचा प्रवास : पंडिता रमाबाईंच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथातील दाता, दान आणि दृष्टी

प्रास्ताविक

एका देशातील चर्चने दुसऱ्या देशात शाळा व अनाथालये चालवावीत, त्यासाठी आपली माणसे पाठवावीत आणि त्या माणसांनी स्वदेशी परतून तेथील हकिगत सांगत पुन्हा निधी उभारावा, ही परंपरा दोनशे वर्षांहून अधिक जुनी आहे. महाराष्ट्राचा या परंपरेशी निकटचा संबंध आहे. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१३ मध्ये मुंबईत कामास प्रारंभ केला. १८३१ मध्ये अहमदनगर येथे त्यांचे केंद्र स्थापन झाले. सिंथिया फरार यांच्या तेथील मुलींच्या शाळेचा जोतीराव फुले यांच्या शैक्षणिक कार्याशी असलेला संबंध सर्वपरिचित आहे. मिशनऱ्यांनी मराठीला दिलेले कोश, व्याकरणे व नियतकालिके यांची चर्चाही मराठी समीक्षेत विपुल झाली आहे.

त्या मानाने मिशनरी प्रवासकथन या वाङ्मयप्रकाराकडे कमी लक्ष गेले आहे. या कथनाचा साचा ठरलेला असतो. प्रथम दूर देशातील दैन्याचे चित्र येते, मग सेवकाचे आगमन होते आणि अखेरीस वाचवलेल्या एका मुलाची वा मुलीची कहाणी सांगितली जाते. सांगणारा नेहमी दात्याच्या देशातील असतो आणि ऐकणारेही तेथलेच असतात. ज्याच्याविषयी सांगितले जाते, तो या संवादात कोठेच नसतो. पंडिता रमाबाईंचा १८८९ साली प्रसिद्ध झालेला ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ या साच्याची दिशा उलटी करतो. मदत घेणाऱ्या देशातील एक स्त्री दात्याच्या देशात जाते, तेथे राहते आणि आपल्या भाषेत आपल्या माणसांना त्या देशाची हकिगत सांगते. या उलट दिशेने काय साधले आणि काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन पुस्तके, दोन वाचक

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने त्या राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या. काही आठवड्यांच्या हेतूने सुरू झालेले हे वास्तव्य १८८८ च्या अखेरीपर्यंत लांबले. या काळात त्यांनी व्याख्याने दिली, शाळा व धर्मादाय संस्था पाहिल्या, फ्रोबेलच्या बालशिक्षण पद्धतीचा अभ्यास केला आणि भारतातील उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी निधी जमवला.

या वास्तव्याशी निगडित दोन पुस्तके आहेत. पहिले ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) हे इंग्रजीत आहे. ते अमेरिकन वाचकांसाठी, निधी उभारण्याच्या स्पष्ट हेतूने लिहिले गेले. दुसरा प्रस्तुत मराठी ग्रंथ मायदेशी परतल्यावर प्रसिद्ध झाला. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचल्यास एक लक्षणीय भेद दिसून येतो. इंग्रजी पुस्तकात हिंदू स्त्री बालपण, विवाह आणि वैधव्य अशा अवस्थांच्या क्रमाने उभी केली आहे आणि अखेरीस वाचकाला मदतीचे आवाहन आहे. मिशनरी कथनाच्या साच्याशी त्याचे नाते उघड आहे. मराठी ग्रंथात मात्र आवाहनाचा सूर नाही. तेथे शासनव्यवस्था, कुटुंब, शिक्षण, धर्मपंथ, धर्मादाय कार्य आणि स्त्रियांची स्थिती यांचे प्रकरणशः विवेचन आहे.

ग्रंथाचे शीर्षकही बोलके आहे. त्यात ‘लोकस्थिती’ आधी येते आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. प्रवास करणाऱ्या व्यक्तीचे अनुभव दुय्यम असून पाहिलेला समाज मुख्य आहे, हे या क्रमाने सूचित होते. मिशनरी कथनात सेवकाचा प्रवास, त्याचे कष्ट आणि त्याचे हृदयपरिवर्तन यांना अग्रस्थान असते. रमाबाईंकडे सांगण्यासारखे स्वानुभव कमी नव्हते. तरीही लिव्हरपूलहून निघालेल्या जहाजावरील प्रवासाचे वर्णन केल्यानंतर त्या स्वतःला झपाट्याने मागे सारतात. हा संयम ग्रंथाचे वाङ्मयीन बलस्थान आहे.

दात्याच्या घरातील पाहुणी

अमेरिकेविषयी रमाबाईंना आदर आहे आणि तो त्या लपवत नाहीत. इंग्रजी सत्तेखालील देशातून आलेल्या स्त्रीला राजावाचून चालणारे राज्य पाहताना वाटलेला आनंद ग्रंथभर जाणवतो. तथापि हा आदर अंध नाही. गुलामगिरीचा इतिहास आणि कृष्णवर्णीयांविषयीचा दुजाभाव, मूळ रहिवाशांच्या जमिनी हिरावून घेण्याचा व्यवहार आणि स्त्रियांना नाकारलेले राजकीय हक्क यांची त्या नोंद घेतात. या नोंदींचे महत्त्व नीट लक्षात घेतले पाहिजे. ज्या समाजाकडून मदत घ्यायची, त्या समाजाच्या उणिवा सांगण्याची मुभा सामान्यतः मदत घेणाऱ्याला नसते. कृतज्ञता हीच त्याची भाषा ठरवून दिलेली असते. रमाबाई मराठीत लिहितात, म्हणून त्यांना या भाषेबाहेर पडता येते. दात्याला न समजणारी भाषा येथे लेखिकेला स्वातंत्र्य देते.

हे स्वातंत्र्य त्यांना आयते मिळालेले नव्हते. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या संघर्षाचे चित्र दिसते. चेल्टनहॅम येथे रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, हा प्रश्न भारतातील बिशपांपर्यंत गेला. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. वरवर हा किरकोळ वाद वाटतो. पण त्यात मिशनच्या साऱ्या व्यवहाराचे मर्म आहे. श्रद्धा स्वीकारली म्हणून देणाऱ्याची भाषाही स्वीकारायची का, हा तो प्रश्न होय. मराठी प्रवासग्रंथ हे या प्रश्नाचे रमाबाईंनी कृतीतून दिलेले उत्तर आहे, असे म्हणता येईल.

दानाची यंत्रणा

ग्रंथातील धर्मपंथ व धर्मादाय कार्याविषयीचे प्रकरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. अमेरिकेत कोणत्याही पंथाला राजाश्रय नाही. प्रत्येक पंथाला आपल्या अनुयायांच्या स्वेच्छेने दिलेल्या पैशावर उभे राहावे लागते. त्यामुळे वर्गणी, समिती, सभा, हिशेब आणि वार्षिक अहवाल यांची सवय सामान्य माणसाला लागते. रमाबाईंचे लक्ष दात्यांच्या औदार्यापेक्षा या संघटनशक्तीवर खिळलेले आहे. फ्रान्सेस विलर्ड यांच्या नेतृत्वाखालील स्त्रियांच्या मद्यपानविरोधी चळवळीचे त्यांना कौतुक वाटते ते याच कारणाने. मतदानाचा अधिकार नसलेल्या स्त्रिया एकत्र येऊन सार्वजनिक जीवनाला वळण लावू शकतात, हे त्यांनी तेथे पाहिले.

याचा प्रत्यक्ष अनुभव त्यांच्या स्वतःच्या कार्यातही आला. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. दहा वर्षे दरसाल निदान एक डॉलर देण्याचे सभासदांनी कबूल करावे, अशी तिची योजना होती. निरनिराळ्या पंथांचे लोक तिच्यात एकत्र आले होते. भारतातील शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे धोरणही ठरले होते. एका धनिकाच्या देणगीऐवजी अनेकांच्या लहान वर्गण्या, अनिश्चित दयेऐवजी ठराविक मुदतीचा करार आणि कामाचा हिशेब मागण्याचा हक्क ही या रचनेची वैशिष्ट्ये होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले ते या पायावर. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या, ही घटना या रचनेचे फलित म्हणून पाहता येते.

मराठी वाचकाला या प्रकरणातून मिळणारा बोध म्हणजे दान हा एक सार्वजनिक व्यवहार आहे आणि तो शिकता येतो. परोपकार हा कोण्या एका धर्माचा उपजत गुण आहे, असे म्हटले की दुसऱ्याला शिकण्यासारखे काही उरत नाही. त्यातील यंत्रणा दाखवली की ती कोणालाही उभारता येते. रमाबाईंनी दुसरा मार्ग पत्करला.

मौन आणि मर्यादा

तथापि ग्रंथाच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे उचित ठरणार नाही. रमाबाई संस्था पाहतात आणि संस्थांची रचना नेमकेपणाने सांगतात. पण त्या संस्थांत राहणाऱ्यांचा आवाज मात्र ग्रंथात फारसा येत नाही. अनाथालय कसे चालते हे कळते. तेथील मुलाला काय वाटते हे कळत नाही. ज्या लेखिकेने दात्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहिले, तिनेही आश्रिताकडे पाहताना व्यवस्थापकाचीच दृष्टी ठेवली.

हे मौन अधिक खटकते ते रमाबाईंच्या पूर्वायुष्यामुळे. १८७० च्या दशकातील दुष्काळात भटकंती करताना त्यांचे आईवडील निवर्तले. भूक, आश्रयहीनता आणि पोरकेपण यांचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता आणि पुढील लेखनात त्यांनी तो सांगितलाही. अमेरिकेतील अनाथांकडे पाहताना मात्र हा अनुभव जागा होत नाही. कदाचित ‘लोकस्थिती’ लिहिण्याची वस्तुनिष्ठ शिस्त त्याच्या आड आली असावी. जो संयम या ग्रंथाचे बळ आहे, तोच येथे त्याची उणीवही ठरतो.

दुसरी मर्यादा काळाच्या ओघात उघड झाली. शारदा सदनाच्या धार्मिक तटस्थतेवरून वाद पेटला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, या कारणाने १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंची बाजू अशी की कोणावर सक्ती नव्हती आणि स्वतःच्या घरात स्वतःची प्रार्थना करण्याचा त्यांना हक्क होता. सल्लागारांची बाजू अशी की आश्रयासाठी आलेल्या अल्पवयीन विधवेच्या बाबतीत सक्ती नाही एवढे पुरेसे नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ज्या मुलीला दुसरीकडे जाण्यास जागाच नाही, तिची निवड मोकळी कितपत मानावी, हा प्रश्न रमाबाईंनी वाँटेजमध्ये स्वतःसाठी विचारला होता. शारदा सदनात तो त्यांच्याकडेच वळला.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे मुक्तीचे कार्य वाढीस लागले. शेती, विणकाम, छपाई अशा उद्योगांनी स्वावलंबी झालेली ही वसाहत त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष आहे. परंतु येथे तटस्थतेचे धोरण उरले नाही. मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती मिशन झाले आणि परदेशी दात्यांसाठी लिहिलेल्या इंग्रजी वृत्तान्तांत दैन्य, सुटका आणि श्रद्धा हा जुना क्रम पुन्हा अवतरला. यास रमाबाईंचा पराभव म्हणणे अन्यायाचे होईल. त्या मुली अन्यथा जगल्या असत्या की नाही, हा प्रश्न कोणत्याही समीक्षेपेक्षा मोठा आहे. इतके मात्र खरे की मराठी प्रवासग्रंथाने मोडलेला साचा निधीच्या गरजेने पुन्हा जुळून आला.

आजचा संदर्भ

हा विचार केवळ इतिहासापुरता नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास सुलभ झाला आणि चर्चच्या गटांनी एक-दोन आठवड्यांसाठी परदेशातील शाळा व अनाथालयांना भेट देण्याची प्रथा रूढ झाली. रमाबाईंचे अमेरिकेतील वास्तव्य सुमारे पावणेतीन वर्षांचे होते, हे येथे आठवावे. जानेवारी २०१० मध्ये हैतीतील भूकंपानंतर अमेरिकेतील बाप्टिस्ट चर्चच्या एका गटाला तेहतीस मुलांना सीमेपार नेताना अटक झाली. त्या मुलांपैकी अनेकांचे पालक हयात असल्याचे पुढे निष्पन्न झाले. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवी पर्यटनातून होणाऱ्या हानीची दखल घेतली. या गटांतील माणसांच्या सदिच्छेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अडचण अशी की दात्याने ऐकलेल्या कहाणीत मुलाचे पोरकेपण आधीच गृहीत धरलेले असते आणि त्याचे आईवडील कोठे आहेत हे विचारण्यास त्या कहाणीत जागा नसते. कथनाचा साचा येथे मुलांच्या आयुष्यावर प्रत्यक्ष परिणाम करतो.

समारोप

‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथाने मराठी वाचकाला अमेरिकेची माहिती दिली, एवढ्यावर त्याचे मूल्यमापन थांबू नये. मदत घेणारा समाज मदत देणाऱ्याकडे डोळे उघडे ठेवून पाहू शकतो, त्याची यंत्रणा समजून घेऊ शकतो आणि कृतज्ञ राहूनही त्याचे दोष सांगू शकतो, हे या ग्रंथाने १८८९ मध्ये दाखवून दिले. त्याच वेळी, संस्थेच्या भिंतीआड राहणाऱ्या मुलाची बाजू लिहिण्याचे काम त्याने अपुरे ठेवले. मराठी विभागांत हा ग्रंथ बहुधा स्त्रीवादी वा प्रवासवाङ्मयाच्या अंगाने शिकवला जातो. दान आणि संस्था यांविषयीचे चिंतन म्हणूनही त्याचे अध्यापन व्हावे. महाविद्यालये स्वतः दत्तक ग्राम योजना, वसतिगृहे व सेवा शिबिरे चालवतात आणि त्यांचे अहवाल लिहितात. या अहवालांत कोण बोलतो आणि कोणाविषयी केवळ बोलले जाते, हे तपासण्याची दृष्टी रमाबाईंच्या या ग्रंथातून, त्याच्या बळातून आणि त्याच्या मौनातूनही, मिळू शकते.