ॲनालॉगची ऊब आणि रागाचा स्वर

ॲनालॉग सिंथेसायझर ‘जिवंत’ आणि संगणकातले सॉफ्टवेअर वाद्य ‘नकली’, हा समज आता इतका रुजला आहे की जुनी यंत्रे दुर्मीळ मूर्तींच्या भावाने विकली जातात. खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेल्या होतकरू संगीतकाराला मात्र आपला आवाज मुळातच खोटा असल्याचा न्यूनगंड बाळगावा लागतो. हा समज एका मुंबईकराच्या ध्वनिमुद्रिकेवर तपासून पाहावा असे मला वाटते.

हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ध्वनिमुद्रित केली. रोलंडची तीन यंत्रे त्यांनी वापरली : सुरावटीला ज्युपिटर-८, ठेक्याला टीआर-८०८ आणि खर्जाला टीबी-३०३. तेव्हा तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९८७मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाचे ‘ॲसिड ट्रॅक्स’ आले आणि त्याच टीबी-३०३च्या चिरक्या, वळवळत्या आवाजाने ‘ॲसिड हाउस’ ही शैली ओळखली जाऊ लागली. २०१०मध्ये सिंगांची मुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा तिच्यातले साम्य ऐकून जग चकित झाले.

पण या मुद्रिकेतले सौंदर्य ‘ॲनालॉग ऊबे’चे आहे काय? मला तसे ऐकू येत नाही. टीबी-३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. मात्र दोन स्वर जवळचे असोत की लांबचे, घसरण्याला वेळ जवळपास तेवढाच लागतो. मालकंसातली मींड अशी नसते; कुठे रेंगाळायचे आणि कुठे निसटायचे हे गवई ठरवतो. ज्युपिटरच्या पट्ट्यांवर सप्तकाचे बारा समान भाग. भैरवाचा आंदोलित कोमल रिषभ दांडी वाकवून सूचित करता येतो, एवढेच. म्हणजे ज्याला आपण जिवंत म्हणतो ते यंत्र रागाच्या बाबतीत चांगलेच हट्टी आहे. मुद्रिकेची गंमत त्या हट्टाशी झालेल्या झटापटीत आहे.

उलट सॉफ्टवेअर वाद्यात श्रुती हवी तिथे बसवता येते. २०१८मध्ये मान्य झालेल्या ‘एमपीई’ या मिडी संकेतामुळे एकाच वेळी वाजणारे स्वर स्वतंत्रपणे वाकवता येतात. विद्युत्‌दाबाऐवजी आकडेमोड असली, तरी रागाला जवळचे वाद्य कदाचित हेच.

मग हरवते काय? टीबी-३०३ सुरावटीचा नमुना स्मरणात ठेवते, खुंट्यांची जागा नाही. हात ज्या क्षणी जिथे होता, तो आवाज तेव्हाच पकडावा लागे. संगणकात प्रत्येक बदल मागे घेता येतो, म्हणून निर्णय लांबणीवर पडतो. शंभर पर्यायांत फिरताना मूळ कल्पना शिळी होते. हा दोष खरा आहे, पण तो सवयीचा आहे. एक आवाज निवडून त्यावरच ठाम राहायला सॉफ्टवेअर कुणाला अडवत नाही.

म्हणून समीक्षकाने वाद्याची जात विचारू नये. वाद्याने काय नाकारले आणि वादकाने त्या नकाराचे काय केले, हे ऐकावे. सिंगांनी नकारातून वाट काढली. आजच्या मुलापुढे कुठलेच वाद्य नकार देत नाही. तो त्याला स्वतःच निर्माण करावा लागेल, आणि हे काम जुन्या यंत्राच्या खरेदीहून कठीण आहे.