बालन्याय अधिनियमातील पंधरावे कलम : एक चिकित्सा

दिल्लीत 16 डिसेंबर 2012 रोजी घडलेल्या अत्याचारानंतर अठरा वर्षांखालील आरोपींविषयीचा कायदा बदलावा, अशी मागणी देशभर झाली. न्यायमूर्ती वर्मा समितीने 2013 साली वयोमर्यादा खाली आणण्याची शिफारस केली नाही; सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी सलील बाली प्रकरणात अठरा वर्षांची मर्यादा वैध ठरविली. तथापि 15 जानेवारी 2016 पासून अमलात आलेल्या बालन्याय अधिनियमाने एक मधला मार्ग काढला. मर्यादा अठराचीच ठेवली. परंतु सोळा ते अठरा या वयातील मुलावर निर्घृण अपराधाचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेच्या अपराधाचा, आरोप असल्यास त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी केली. हा मार्ग तर्काच्या कसोटीस उतरतो काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

या वाटेचा उंबरठा म्हणजे पंधरावे कलम. अपराध करण्याची मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याचे सामर्थ्य आणि अपराध कथितरीत्या ज्या परिस्थितीत घडला ती परिस्थिती, यांचे प्राथमिक निर्धारण बाल न्याय मंडळाने तीन महिन्यांत करावयाचे असते. हे निर्धारण म्हणजे खटला नव्हे, असे कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. येथेच पहिली अडचण उद्भवते. अपराध शाबीत झालेला नाही. मग तो कोणत्या परिस्थितीत घडला हे ठरवावयाचे कशाच्या आधारे? पोलिसांच्या कागदपत्रांतील हकीकत गृहीत धरल्यावाचून या प्रश्नास उत्तर संभवत नाही. उलट याच अधिनियमाचे तिसरे कलम अठरा वर्षांपर्यंतचे प्रत्येक मूल दुष्ट हेतूपासून मुक्त आहे असे मानावयास सांगते. एकाच कायद्यातील ही दोन कलमे परस्परांकडे पाठ फिरवून उभी आहेत.

दुसरी अडचण ‘क्षमता’ या शब्दाची. सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगी शस्त्र उचलण्याचे बळ असते, हे सिद्ध करण्यास तज्ज्ञाची गरज नाही. खरा प्रश्न विवेकाचा आहे, आणि तो बुद्धिमापनाच्या कसोट्यांनी सुटत नाही. शिवाय कसोटी घेतली जाते ती घटनेनंतर, अटकेची धास्ती मनात असताना. तीवरून घटनेच्या क्षणीची मनःस्थिती कशी काढावी? 2022 साली बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे काम अत्यंत नाजूक असल्याचे नमूद केले. परिणामांची समज म्हणजे केवळ तात्कालिक परिणामांची नव्हे, तर पीडिताच्या व स्वतःच्या कुटुंबावर दीर्घकाळ होणाऱ्या परिणामांचीही, असे न्यायालयाने सांगितले. हे मर्मग्राही आहे. पण ते मान्य केले तर या कसोटीस उतरणारे किशोर किती निघतील, याचा विचार करावा लागेल.

तिसरी अडचण वर्गीकरणाची. शिल्पा मित्तल प्रकरणात 2020 साली न्यायालयाने स्पष्ट केले की, किमान सात वर्षांची शिक्षा विहित नसेल तर अपराध निर्घृण ठरत नाही. निर्णय कायद्याच्या शब्दाला धरून आहे. परंतु त्यामुळे मुलाचे भवितव्य त्याच्या परिपक्वतेवर नव्हे, तर दंडसंहितेतील एका आकड्यावर अवलंबून राहते, हेही उघड होते. पुण्यात 19 मे 2024 रोजी मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. सतरा वर्षांच्या चालकास जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, आणि संतापाची लाट उसळली. पुढे जुलै 2025 मध्ये त्यास प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी मंडळाने अमान्य केली. त्या वादात जामिनाची अट हीच जणू शिक्षा मानली गेली, आणि निबंध किंवा प्रौढांचे न्यायालय असे दोनच पर्याय आहेत, असा समज पसरला. वस्तुतः समाजसेवा, परिवीक्षा, विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवणे, अशा पायऱ्या अठराव्या कलमात आहेतच. शोकग्रस्त कुटुंबाचा न्यायाचा हक्क कोणी नाकारू नये. पण त्यास उत्तर या पायऱ्या खंबीरपणे वापरून देता येते.

अधिनियमाच्या बाजूने सांगावयाचे तर बाल न्यायालय पुन्हा विचार करते, एकविसाव्या वर्षापर्यंत मुलास सुरक्षित स्थानी ठेवले जाते, आणि फाशी किंवा सुटकेच्या शक्यतेविना जन्मठेप देता येत नाही. मात्र प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्यास दोषसिद्धीच्या कलंकापासून मिळणारे चोविसाव्या कलमाचे संरक्षण मिळत नाही. मुंबई इलाख्यात 1924 साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला, तो मूल बदलू शकते या श्रद्धेवर. पंधरावे कलम ती श्रद्धा उघडपणे सोडत नाही; पुराव्याआधी दिलेल्या अभिप्रायाने ती पोखरते. निर्धारण ठेवावयाचेच असेल तर ते दोषसिद्धीनंतर, उपचाराची दिशा ठरविण्यासाठी असावे. तेथे ते शास्त्र ठरेल. उंबरठ्यावर ते केवळ अंदाज आहे, आणि अंदाजाची किंमत त्या मुलाच्या उर्वरित आयुष्याने मोजावी लागते.