समूहवाचक नाम आणि त्याचे क्रियापद

समूहवाचक नाम कर्त्याच्या जागी आले असता इंग्रजीत क्रियापद एकवचनी योजावे की अनेकवचनी, हा प्रश्न आपल्याकडील शालेय व्याकरणे बहुधा एका ओळीत निकालात काढतात : नाम एकवचनी, सबब क्रियापदही एकवचनी. नियम पाठ होतो. त्यामागील विचार मात्र विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही, अशी आमची तक्रार आहे.

इंग्रज लेखक समूहाकडे दोन दृष्टींनी पाहतो. समितीने एकमुखाने निर्णय दिला, तर 'द कमिटी हॅज डिसायडेड'. सभासदांत फूट पडली, तर 'द कमिटी वेअर डिव्हायडेड'. फाउलरने १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगकोशात दोन्ही वचनांस मुभा दिली आहे. एकदा पत्करलेले वचन मात्र वाक्याच्या मध्यावर सोडू नये, असा त्याचा आग्रह आहे. अमेरिकेत एकवचनाकडेच ओढा अधिक. म्हणजे ज्यास आपण अढळ नियम समजतो, तो वस्तुतः लेखकाने करावयाचा निवाडा आहे.

आपला विद्यार्थी येथे का अडखळतो? बोदवडसारख्या खानदेशी पेठेत वाढलेला मुलगा 'बाजार समितीने लिलाव थांबविला आहे' असे सहज बोलून जातो. या वाक्यात क्रियापद लिलावाच्या मागे गेले. समिती एक की अनेक, हे सांगण्याची पाळीच मराठीने त्याच्यावर आणिली नाही. तेच वाक्य इंग्रजीत नेताना 'हॅज' की 'हॅव', हे त्यास ठरवावेच लागते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आपण शब्दाला शब्द जोडून इंग्रजी शिकत आलो. ती पद्धत उपकारक खरी. परंतु मूळ वाक्यात जो प्रश्नच उद्भवला नाही, तो तिने दाखवावा कसा?

यावरून मराठीत असा भेदच नाही, असे मात्र कोणी समजू नये. 'मंडळी आली' हे स्त्रीलिंगी एकवचन वाटते; पण पुढे 'आहे' म्हणणारेही आढळतात आणि 'आहेत' म्हणणारेही. संस्थेविषयी आपण 'सरकार म्हणते' असे लिहितो, तर संस्थानिकास उद्देशून 'सरकार म्हणतात' असे म्हणत असू. एकाच शब्दाचे वचन कधी संख्येने, तर कधी आदराने फिरते. हे घरचे दाखले आधी देऊन मग इंग्रजीकडे वळणारा शिक्षक आम्हांस क्वचितच भेटला.

हा भेद परीक्षेतील गुणांपुरता नव्हे. 'समितीने ठरविले' असे लिहिताच विरोध करणारा सभासद दृष्टीआड होतो, आणि जबाबदारीही कोणा एकाची राहत नाही. इतिवृत्त किंवा बातमी लिहिणाऱ्याने समूह एकदिलाने वागला की त्यातील माणसे वेगळी वागली, हे आधी पाहावे. इंग्रजीत ते क्रियापदाच्या वचनाने सांगता येते. मराठीत 'समितीतील बहुसंख्य सभासदांनी' असे उघड लिहावे लागते. तसे न लिहिणे हा व्याकरणाचा दोष ठरणार नाही. सत्यकथनातील उणीव मात्र निश्चित ठरेल.