माहितीचे बिऱ्हाड : दोन वृत्तांतांचे वाचन

‘क्लाउड’ म्हटले की डोळ्यांपुढे ढग उभा राहतो आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. क्लाउड म्हणजे प्रत्यक्षात एखाद्या मोठ्या कंपनीच्या इमारतीतले, भाड्याने घेतलेले संगणक. भाडेकरूला जसे घर बदलावे लागते, तसाच या संगणकांवर चालणाऱ्या सेवांनाही कधीकधी मालक बदलावा लागतो. गिटलॅब या कंपनीने २०१८ मध्ये असे स्थलांतर केले आणि त्याची हकिगत स्वतःच प्रसिद्ध केली. त्याआधी, २०१७ मध्ये, आपल्याकडे घडलेल्या एका अपघाताचा वृत्तांतही तिने जाहीर केला होता. हे दोन्ही वृत्तांत आम्ही शेजारी ठेवून वाचले. शिक्षकांनी ते का वाचावेत आणि वाचताना कुठे थांबून प्रश्न विचारावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

गिटलॅबच्या संगणकांवर जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपले काम साठवतात. कोणी काय बदलले, कोणी काय शेरा दिला, कोण सभासद आहे या नोंदी पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये असतात. हा डेटाबेस एकाच संगणकावर ठेवत नाहीत. एक मुख्य असतो. नवी नोंद आधी त्याच्यात होते आणि मग ती दुय्यम संगणकांवरच्या प्रतींमध्ये उतरते.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री दुय्यम प्रत मुख्य प्रतीच्या मागे पडली. ती नव्याने भरण्यासाठी आधी रिकामी करावी लागणार होती. काम करणाऱ्या अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली, पण ती दुय्यमऐवजी मुख्य संगणकावर. एकदोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. मग राखीव साठ्यांचा शोध सुरू झाला. रोजचा राखीव साठा प्रत्यक्षात तयारच होत नव्हता, कारण तो घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता. तसे कळवणारी पत्रे पाठवली जात होती, पण ती मधेच नाकारली जात असल्याने कोणापर्यंत पोचत नव्हती. शेवटी उपयोगी पडली ती चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी योगायोगाने घेतलेली एक प्रत. सेवा पूर्ववत व्हायला अठरा तासांच्या आसपास लागले आणि मधल्या सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

हा वृत्तांत आम्हांला उत्तम वाटतो. त्यात अभियंत्यावर खापर फोडलेले नाही. ‘असे का झाले?’ या प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का?’ विचारला आहे आणि साखळीच्या टोकाला एक साधे उत्तर आहे : राखीव साठा तपासण्याची जबाबदारी नेमून कोणालाच दिलेली नव्हती. प्रयोगवहीत फसलेल्या प्रयोगाला जागा न देणाऱ्या आपल्या शाळांनी हे पान अवश्य पाहावे. त्यातून निघणारा दुसरा धडाही महत्त्वाचा आहे. दुय्यम प्रत म्हणजे राखीव साठा नव्हे. प्रत मुख्याचे सारे काही उतरवते, त्यात चूकही आली. मुख्य डेटाबेसमध्ये चुकून खोडलेली ओळ क्षणात सगळ्या प्रतींतून खोडली जाते.

आता दुसरा वृत्तांत. गिटलॅबची सेवा मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या क्लाउडवर होती. ती गूगलच्या क्लाउडवर न्यायची होती. हलवायचे होते ते सुमारे २०० टेराबाइटच्या फायली आणि २ टेराबाइटचा डेटाबेस. या आकड्याचा अर्थ मुलांना गणितातून समजतो. सेकंदाला १ अब्ज बिट वाहून नेणारी तार धरली, तर २०० टेराबाइट, म्हणजे १६ लाख अब्ज बिट न्यायला १६ लाख सेकंद, अर्थात साडेअठरा दिवस लागतील. इतके दिवस सेवा बंद ठेवता येत नाही. आणि चालू ठेवली, तर उतरवून झालेली पाने मागे बदलत राहतात.

शाळेचे जनरल रजिस्टर नव्या वहीत उतरवायचे आहे आणि प्रवेश मात्र रोज चालूच आहेत, अशी कल्पना करा. उपाय एकच : जुने उतरवत असतानाच होणाऱ्या प्रत्येक नव्या नोंदीची क्रमवार यादी ठेवायची आणि तीही मागोमाग उतरवायची. डेटाबेस नेमके हेच करतो. पण एक दिवस असा येतो की यापुढे नोंदी नव्या वहीतच होतील असे ठरवावे लागते. त्या दिवशी थोडा वेळ प्रवेश बंद ठेवायचे, मागे राहिलेल्या नोंदी पूर्ण उतरवायच्या, दोन्ही वह्या पडताळायच्या, जुनी वही कुलुपात टाकायची आणि मगच नवी उघडायची. कुलूप विसरले, तर दोन कारकून दोन वह्यांत एकाच क्रमांकावर दोन मुलांची नावे लिहितील. मग खरे रजिस्टर कोणते, हे कोणालाच सांगता येणार नाही.

गिटलॅबने हाच मार्ग धरला. त्यांच्याच ‘जिओ’ नावाच्या प्रणालीने गूगलकडे दुय्यम प्रत तयार केली. दोन्हीकडच्या फायलींवरून ठरावीक रीतीने काढलेली पडताळा-संख्या जुळते का, हे पाहिले. संपूर्ण बदलाचा सराव चाचणीच्या संगणकांवर पुन्हा पुन्हा केला. आधी जाहीर केलेली तारीख २८ जुलै होती, ती पुढे ढकलून ११ ऑगस्ट २०१८ केली. त्या शनिवारी नियोजित वेळेत सेवा थांबवून नवी प्रत मुख्य झाली. दीड वर्षापूर्वीच्या अपघातातून संस्था काय शिकली, ते या सरावात दिसते.

मात्र या हकिगतीविषयी आमच्या दोन तक्रारी आहेत. पहिली मांडणीची. ती जाणकारांसाठी लिहिलेली आहे. लिहिणे थांबवण्याचा क्षण का टाळता येत नाही, हे तिच्यात गृहीत धरले आहे. सामान्य वाचकाला यादी मिळते, कारण मिळत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. स्थलांतरानंतर सेवा अधिक भरवशाची झाली, असे कंपनीने २०१९ मध्ये आधीचे आणि नंतरचे आकडे देऊन मांडले. आकड्यांविषयी शंका नाही. पण त्यावरून वाचकाचा ग्रह असा होतो की क्लाउड बदलल्याने हे घडले. या काळात क्लाउड तर बदललाच, शिवाय संगणकांची मांडणी बदलली, फायली ठेवण्याची पद्धत बदलली आणि सरावाची शिस्तही आली. आठवीचा विद्यार्थीसुद्धा विचारेल : एकाच वेळी खत, पाणी आणि कुंडी बदलली, तर रोप कशामुळे वाढले? ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ नव्हे, हे आपण वर्गात शिकवतो; तो निकष येथेही लावला पाहिजे.

हा निकष किती कामाचा आहे, हे ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेच्या उदाहरणाने कळते. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने सुमारे ५२ लाख ग्राहकांच्या नोंदी एका प्रणालीतून दुसरीत नेल्या. नोंदी व्यवस्थित पोचल्या. तरीही १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपले खाते उघडता येईना. नव्या प्रणालीची दोन संगणक-केंद्रे मिळून काम करणार होती, पण भार पेलण्याची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली होती, असे पुढे स्वतंत्र चौकशीत आढळले. कारभार सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला आणि २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. माहिती पोचणे आणि सेवा चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची चाचणी दुसरीला चालत नाही.

वर्गात यातले बरेच काही संगणकाशिवाय करता येईल. एका गटाला वही उतरवू द्या, दुसऱ्याला त्याच वहीत नोंदी बदलू द्या आणि तिसऱ्याला पडताळा-संख्येची युक्ती शोधू द्या. किती वेळ लिहिणे थांबवावे लागले, याची नोंद ठेवा. मग २०१७ चा वृत्तांत वाचून दाखवा आणि आपल्या शाळेचे निकालपत्रक ज्या संगणकावर आहे, त्याची राखीव प्रत शेवटची कधी उघडून पाहिली, हे मुलांना कार्यालयात विचारू द्या. प्रत घेतली आहे का, एवढ्यावर थांबायचे नाही. ती उघडते का, हे पाहायचे.