वर्तुळाचे माप : मिएको कावाकामी यांच्या कादंबरीतील देह, शस्त्रक्रिया आणि शब्द

मिएको कावाकामी यांची ‘चिची तो रान’ ही लघुकादंबरी २००७ च्या अखेरीस नियतकालिकातून प्रसिद्ध झाली आणि २००८ च्या जानेवारीत तिला अकुतागावा पुरस्कार जाहीर झाला. निवड समितीतील शिंतारो इशिहारा यांना ती मुळीच रुचली नव्हती. ते त्या वेळी तोक्योचे राज्यपालही होते. पुढे २०१९ मध्ये लेखिकेने हीच कथावस्तू पुन्हा हाती घेतली, तिला दुसरा दीर्घ भाग जोडला आणि ‘नात्सुमोनोगातारी’ म्हणजे ‘उन्हाळ्याची गोष्ट’ या नावाची मोठी कादंबरी सिद्ध केली. सॅम बेट आणि डेव्हिड बॉइड यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर २०२० मध्ये आले, ते मात्र जुन्या लघुकादंबरीच्याच नावाने. या कादंबरीची चर्चा बहुधा तिच्या दुसऱ्या भागातील कृत्रिम गर्भधारणेच्या प्रश्नाभोवती फिरते. पहिल्या भागात एका स्त्रीने आपल्या स्तनांवर शस्त्रक्रिया करून घेण्याचा चालवलेला विचार हा मग केवळ प्रस्तावनेसारखा वाचला जातो. हे वाचन कादंबरीवर अन्याय करणारे आहे. त्या विचाराच्या आत आणखी एक लहान, जवळजवळ उच्चारता न येणारी चिंता दडलेली आहे, आणि कादंबरीतील खरा पेच तिथे आहे.

कथानक थोडक्यात असे. माकिको ही ओसाकातील एका बारमध्ये गिऱ्हाइकांची सरबराई करणारी एकोणचाळीस वर्षांची स्त्री. नवरा सोडून गेलेला. मुलगी मिदोरिको बारा वर्षांची. तिने गेले सहा महिने आईशी बोलणे बंद केले आहे आणि जे सांगायचे ते ती वहीत लिहून दाखवते. या दोघी उन्हाळ्यात तोक्योला, माकिकोची धाकटी बहीण नात्सुको हिच्याकडे येतात. नात्सुको लेखिका होऊ पाहणारी, एका खोलीत राहणारी. निवेदन तिचे आहे. येण्याचे कारण म्हणजे माकिकोला स्तन मोठे करून घेण्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात सल्ला घ्यायचा आहे. माहितीपत्रके तिने तोंडपाठ केली आहेत. कोणत्या पद्धतीला किती खर्च, कशात धोका किती, हे ती एखाद्या विक्रेत्याच्या उत्साहाने बहिणीला ऐकवते.

स्त्रीवादी समीक्षेला या प्रसंगाचा उलगडा सोपा वाटावा. माकिकोचा व्यवसाय पुरुषांच्या नजरेवर चालतो, तिचे वय वाढते आहे, बाजारातील तिची किंमत उतरते आहे; म्हणून ती देहात भांडवल गुंतवू पाहते. हा अन्वयार्थ चुकीचा नाही, अपुरा आहे. कारण माकिकोची दुसरी चिंता या हिशेबात बसत नाही. स्तनाग्रे आणि त्यांच्याभोवतीचे वर्तुळ बाळंतपणानंतर फार काळे पडले, बेढब झाले, असे तिला वाटते. रंग उजळण्यासाठी तिने घरच्या घरी ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन ही औषधे लावून पाहिली आहेत. त्या वेळची आग ती ज्या तपशिलाने सांगते, तो वाचकाला अस्वस्थ करणारा आहे. पण बारमधले गिऱ्हाईक हे वर्तुळ कधी पाहणार? मोठा केलेला स्तन कपड्यातून दिसतो, गल्ल्यात त्याचा परतावा मिळू शकतो. वर्तुळाचा रंग आणि घेर यांना बाजार नाही. ते पाहणारे चारच जण संभवतात : ती स्वतः, तिची मुलगी, दवाखान्यातला डॉक्टर आणि सार्वजनिक स्नानगृहातल्या इतर बायका.

म्हणूनच स्नानगृहाचा प्रसंग या भागाचा कणा ठरतो. जपानमधील ‘सेंतो’ हे मोहल्ल्याचे स्नानगृह. तिथे स्त्रिया एकत्र, निर्वस्त्र आंघोळ करतात. दोघी बहिणी तिथे जातात. माकिको पाण्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीची छाती न्याहाळत राहते आणि मग बहिणीला आपल्या स्तनाग्रांबद्दल, त्यांच्या रंगाबद्दल आणि आकाराबद्दल तिचे मत विचारते. नात्सुको उत्तर देताना गडबडते. प्रसंगात विनोद आहे, ओसाकाच्या बोलीचा ठसका आहे. पण बहिणीचे हे गडबडणे महत्त्वाचे. तिच्याकडे ‘ठीक आहे’ याखेरीज शब्द नाही, आणि ‘ठीक’ कशाच्या तुलनेत, हे तिलाही सांगता येत नाही. इथे पुरुषाची नजर प्रत्यक्ष उपस्थित नाही. ती कुठूनतरी शिकलेली आहे हे खरे, तथापि माप घेण्याचे काम बायकाच बायकांवर करीत आहेत, आणि तेही मायेने.

‘ठीक’ म्हणजे किती, या प्रश्नाचे एक उत्तर शस्त्रक्रियागृहात मिळते. स्तनमंडल लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत साधारण चार सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचे धातूचे कडे मध्यभागी टेकवून नवे वर्तुळ आखले जाते. त्याबाहेरची गडद त्वचा वळ्यासारखी काढून टाकतात आणि बटव्याची नाडी आवळावी तसा टाका घालून बाहेरची कड आत ओढून घेतात. ताण पडून वर्तुळ पुन्हा पसरू शकते, कडेने व्रण राहतो, संवेदना कमी होण्याचा आणि पुढे अंगावर पाजण्यात अडचण येण्याचा धोका असतो. माकिको नेमकी हीच शस्त्रक्रिया मागत नाही. तिची मागणी मोठ्या स्तनाची आणि फिकट वर्तुळाची आहे. परंतु तिची कल्पना याच कड्याच्या तर्काने चालते. देहाबाहेर कुठेतरी एक प्रमाण आकृती आहे आणि आपला देह तिच्या रेषेबाहेर सांडला आहे, असा हा तर्क. सँडर गिल्मन यांनी सौंदर्यशस्त्रक्रियेच्या आपल्या सांस्कृतिक इतिहासात (१९९९) असे दाखवले आहे, की अशा शस्त्रक्रियांमागची प्रेरणा अनेकदा उठून दिसण्याची नसून वेगळेपण न दिसता इष्ट समूहात मिसळून जाण्याची असते. स्नानगृहातल्या माकिकोला हे वर्णन चपखल लागू पडते. तिला तिथे सुंदर दिसायचे नाही. कुणाच्या नजरेला अडखळू नये एवढेच तिला हवे आहे.

माप आणि कुरूपता यांचा संबंध साहित्याला नवा नाही. जोनाथन स्विफ्ट यांच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) राक्षसदेही लोकांच्या देशात गलिव्हर एका दाईला मूल पाजताना जवळून पाहतो. स्तनाग्र त्याच्या डोक्याच्या निम्म्याएवढे, त्वचा डागांनी आणि पुटकुळ्यांनी भरलेली; त्याला किळस येते. पण लगेच त्याला असेही सुचते, की इंग्लंडातल्या स्त्रिया आपल्याला गोऱ्या-नितळ वाटतात त्या केवळ आपण त्यांच्याच मापाचे आहोत आणि भिंगातून पाहत नाही म्हणून. स्विफ्ट यांचा स्त्रीदेहाविषयीचा तिटकारा अनेकांनी नोंदवला आहे आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. तरीही या परिच्छेदातला शोध मोलाचा : दोष देहात नसून पाहणाऱ्याच्या अंतरात आहे. माकिकोने आपले अंतर भिंगाएवढे केले आहे.

याच गडद वर्तुळाचे पूर्ण वेगळे वाचन संस्कृत काव्यात सापडते. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेच्या भरलेल्या आणि अग्रभागी काळवंडलेल्या स्तनांना कालिदास भुंगे बसलेल्या कमळकळ्यांच्याही वर स्थान देतो. तिथे काळेपणा गर्भाचे चिन्ह आहे. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात मात्र पार्वती अविवाहित आहे आणि तिच्याही गौर स्तनांचे मुख श्यामच आहे, म्हणजे चिन्हाचा आधार काढून घेतला तरी हा रंग सौंदर्यात मोडतो. हे वाचून ‘आमच्याकडे पूर्वी सारे निरामय होते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि मराठीतील या प्रकारच्या लेखनात तो अनेकदा आवरला जात नाही. सुदक्षिणेचे स्तन कोण पाहते आहे? वारसाची वाट पाहणारा राजवंश. तिथेही देह वाचला जातो, फक्त वाचनाचा निकाल अनुकूल लागतो. डब्लिनचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम माँटगोमेरी यांनी १८३७ मध्ये गर्भधारणेच्या लक्षणांवरील ग्रंथात या वर्तुळाचे आणि त्यावरील बारीक ग्रंथींचे बारकाईने वर्णन केले. वर्तुळाचे गडद होणे आणि रुंदावणे हे त्यांच्या लेखी पुराव्याचे मोल असलेले लक्षण होते. कवीने ज्यास अलंकार म्हटले आणि वैद्याने पुरावा, त्याच बदलाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दवाखान्याने दुरुस्तीयोग्य दोष मानले.

कावाकामी यांची कामगिरी अशी, की त्या या तिन्हींपैकी एकाही वाचनाची बाजू घेत नाहीत. त्यांनी वाचणारी म्हणून मुलीला पुढे आणले आहे. मिदोरिको वहीत लिहिते त्याचा मथितार्थ असा : आईला पूर्वीचे स्तन परत हवे आहेत, ते गेले माझ्यामुळे, मी ते प्यायले म्हणून, मग तिने मला जन्मच द्यायला नको होता. आईच्या छातीवरचा काळेपणा हा मुलीला स्वतःच्या अस्तित्वाचा डाग वाटतो, आणि तो पुसण्याची आईची इच्छा म्हणजे आपल्यालाच पुसण्याची इच्छा. सौंदर्यशस्त्रक्रियेवरील पुष्कळशा चर्चेत बाई आणि तिला पाहणारा पुरुष अशी दोनच पात्रे असतात. इथे तिसरे पात्र येते आणि चर्चेची नैतिक भूमिती बदलते. माकिकोला ‘तुझा देह तुझाच आहे’ असे सांगणे सोपे; पण या वर्तुळावर ज्या मुलीने तोंड लावले तिचा त्याच्यावर काही हक्क उरतो का? कादंबरी हा प्रश्न विचारते आणि सोडवीत नाही. आयरिस मॅरियन यंग यांनी स्तनानुभवावरील निबंधात दिसणारा स्तन आणि जाणवणारा स्तन असा भेद केला आहे. शस्त्रक्रिया पहिल्यासाठी दुसऱ्याचा बळी देते, हा त्यांचा युक्तिवाद. मिदोरिकोच्या वहीतून पुढे येतो तो मात्र आठवला जाणारा स्तन. त्याची आठवण दुसऱ्याच देहात आहे.

महाश्वेतादेवी यांच्या ‘स्तनदायिनी’शी तुलना इथे अपरिहार्य वाटते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे ही बंगाली कथा तौलनिक साहित्याच्या वर्गांत सर्वत्र पोचली. पतीचे पाय निकामी झाल्यावर जशोदा हालदारांच्या घरी मुलांना अंगावर पाजण्याची नोकरी धरते आणि शेवटी स्तनाच्या कर्करोगाने एकाकी मरते. दोन्हीकडे स्तन हे उपजीविकेचे साधन आहे. पण जशोदेचा स्तन दुधासाठी विकला जातो आणि तिला त्याच्या रूपाची चिंता करायला सवड नाही. माकिकोचा दूध आटल्यानंतरच्या रूपासाठी. महाश्वेतादेवींच्या कथेला रूपकाचा भार आहे, जशोदा ही राष्ट्रमातेची विटंबित प्रतिमा म्हणून वाचली गेली आहे. कावाकामी असा भार पात्रावर लादत नाहीत. माकिको कशाचेही रूपक होत नाही, म्हणूनच तिच्यावर कुठली घोषणा रचता येत नाही.

उत्कर्षप्रसंगाबद्दल मात्र आक्षेप नोंदवावासा वाटतो. माकिको दवाखान्याला म्हणून जाते ती रात्री उशिरा दारू पिऊन परतते. स्वयंपाकघरात मिदोरिको अखेर तोंड उघडते, आईकडे खरे काय ते मागते, आणि रडत रडत अंडी स्वतःच्या डोक्यावर फोडू लागते. मग आईही फोडते. दृश्य विलक्षण आहे. परंतु शीर्षकातील दोन वस्तूंची गाठ घालण्याची लेखिकेची घाई त्यात जाणवते. स्नानगृहातल्या त्या अवघड प्रश्नाकडे कादंबरी यानंतर वळत नाही; जणू अंड्यांच्या बलकाने तोही धुऊन निघाला. शस्त्रक्रियेचे दृश्य कुठेही येत नाही, हे योग्यच. विचार विचारच राहतो, आणि माकिको मुलीला घेऊन ओसाकाला परतते. पण बहिणीने न दिलेले उत्तरही तसेच राहते, आणि त्याची जाणीव निवेदिकेला असावी तेवढी दिसत नाही.

राहिला शब्दांचा प्रश्न. तो मराठीत ही कादंबरी आणू पाहणाऱ्याला पहिल्याच पानावर अडवील. ‘चिची’ या शब्दासाठीच्या चित्रलिपीचिन्हाचा अर्थ दूधही आहे आणि स्तनही. इंग्रजी शीर्षकाने स्तन घेतले, दूध सांडले. वर्तुळासाठीचा जपानी शब्द ‘न्यूरिन’ म्हणजे अक्षरशः ‘दूधवलय’. त्यातही दूध टिकून आहे. मराठीत स्तनाग्राला ‘बोंड’ आहे, कोशात ‘चूचुक’ आहे. वर्तुळाला मात्र ‘स्तनमंडल’ हा पाठ्यपुस्तकी शब्दच हाताशी, आणि तो कोणतीही बहीण बहिणीशी बोलताना उच्चारणार नाही. ‘अंगावर पाजणे’, ‘अंगावरचे दूध’ या आपल्या प्रयोगांत तर अवयवाचे नावच गाळून सबंध अंग पुढे केले आहे. त्या संकोचात एक सौजन्य आहे, पण माकिकोचा प्रश्न त्यात मांडता येत नाही. ‘थान’ हा शब्द दूध आणि अवयव दोन्ही सांभाळतो. शिष्ट गद्याने तो गोठ्याकडे ढकलला. मिदोरिको वहीत ‘बीजांड’ या अर्थाच्या जपानी शब्दात ‘मूल’ दर्शविणारे चिन्ह का, असा प्रश्न करते. स्नानगृहातला माकिकोचा प्रश्न मराठीत ‘थान’ने विचारला गेला, तर तो घरातल्या बाईच्या तोंडचा वाटेल, ‘स्तनमंडला’ने विचारला गेला, तर माहितीपत्रकातला.